शंभर वर्षांचा कागद

९ जानेवारी

फोटो स्टुडिओच्या मालकांस,

नमस्कार. सात वर्षांपूर्वी मी तुमच्या शहरात मुलीकडे आलो होतो, तेव्हा आम्ही चौघांनी तुमच्याकडे फोटो काढून घेतला. मी, मुलगी, जावई आणि एक वर्षाची नात. फ्रेमच्या मागे तुमच्या दुकानाची चिठ्ठी आहे. तिच्यावर ऑर्डर नंबर ३१८ लिहिलेला आहे आणि खाली छापलेलं आहे, 'ही प्रिंट शंभर वर्षं टिकेल.'

फोटोचे रंग उडाले आहेत. आधी निळा गेला, मग सगळं पिवळट झालं. मुलगी कडेला उभी आहे, तिच्या चेहऱ्याच्या जागी आता फक्त फिकट डाग दिसतो. जावई आणि मी अजून ओळखू येतो.

तीच प्रिंट पुन्हा काढून मिळावी. काही आकार पडत असेल तर कळवा. मात्र २८ मार्चच्या आत हवी. फोनवर मला नीट बोलता येत नाही, शब्द अडतात. दुकानात आयुष्यभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या, त्यामुळे लिहिलेलं बरं पडतं.

आपला,
निवृत्त औषधविक्रेता

१५ जानेवारी

काका,

तुमचं पाकीट बघून बाबा आधी घाबरलेच. म्हणाले, "हल्ली कागदावर लिहून फक्त कोर्ट पाठवतं. काय केलंस?" मग मी वाचून दाखवलं. त्यांचे डोळे आता अधू झालेत, पण काउंटरवरची खुर्ची सोडत नाहीत. स्टुडिओ त्यांनी सुरू केला, दहा वर्षं झाली मी चालवते.

३१८ म्हटल्यावर मला लगेच आठवलं. तुमची मुलगी हसताना तोंडावर हात धरायची! चार वेळा सांगून झालं, "मॅडम, हात खाली." हात खाली यायचा आणि मी बटण दाबायच्या आत परत वर. शेवटी मी ओरडले, "अहो, बाळ घसरतंय!" त्यांनी दोन्ही हातांनी बाळाला असं आवळलं की ते बिचारं कासावीस झालं. मग माझी थाप कळली आणि त्या जोरात हसल्या. तोच हा फोटो. अजून तशाच हसतात का हो?

आता वाईट बातमी. फाइल्स आम्ही तीनच वर्षं ठेवतो, पावतीच्या मागे तसं छापलेलं असतं. बाबांचं म्हणणं असं, की प्रिंट शंभर वर्षं टिकणार, मग गिऱ्हाइकाचा फोटो आपण कशाला धरून बसायचा? तेव्हा तुमची फाइल आता नाही.

आणि राग मानू नका, पण फोटो तुम्ही उन्हात लावलेला असणार. रोजच्या उन्हापुढे कुठल्या कागदाचं काय चालतं?

त्यापेक्षा सगळे पुन्हा या. बाळ आता केवढं झालं असेल! मॅडमना म्हणावं, या वेळी थाप मारणार नाही.

फोटोवाली

२१ जानेवारी

ताई,

माझी मुलगी साडेपाच वर्षांपूर्वी गेली. रक्ताचा आजार होता. कळल्यापासून सात आठवडे. पहिल्या पत्रात मी हे लिहिलं नव्हतं. रंगांची तक्रार करायला रंग उडाले एवढं पुरेसं आहे, असं वाटलं.

नात तेव्हापासून माझ्याकडे आहे. खोडरबरांचे आणि पेन्सिलींचे तुकडे खिशात भरून ठेवते, म्हणून तिला सगळे खारू म्हणतात. जावई दूर नोकरीला असतो, महिन्यातून एकदा येतो. आता त्याने तिकडे घर केलं आहे आणि परीक्षा झाली की २८ मार्चला तो खारूला घेऊन जाणार आहे. त्याचं बरोबर आहे. मुलीने बापाजवळ राहावं, मी आता किती दिवस पुरणार.

आईचे फोटो आमच्याकडे थोडे आहेत, सगळे फोनवर काढलेले. प्रत्येकात तिचा हात तोंडावर आहे. पुढचा एक दात वाकडा होता, त्याची तिला लाज वाटायची. हात खाली असलेला फोटो तो एकच. मी खारूला सांगून ठेवलं होतं, जाताना तुला हा देईन. ती रोज त्याच्याकडे बघते. परवा विचारलं, "आजोबा, आईचं तोंड कसं होतं?" फोटोसमोर उभी राहून विचारलं.

तुम्ही उन्हाचं लिहिलंत ते खरं आहे. फोटो आधी आतल्या खोलीत होता. खारू तीन वर्षांची असताना खिडकीपाशी बसून जेवायची. "आईला इकडे लाव," म्हणाली. मी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला. चौतीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, औषध उन्हात ठेवू नका. बाटली तपकिरी का असते ते समजावून सांगितलं. आणि घरात हे केलं.

फोटो फ्रेममधून काढून सोबत पाठवत आहे. त्यातून काही निघत असेल तर बघा.

२ फेब्रुवारी

काका,

'अजून तशाच हसतात का' हे माझ्या पत्रातलं वाक्य मला गिळता येत नाही आणि परतही घेता येत नाही. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या माणसाला उलट टपाली नवा फोटो कर."

तुमची प्रिंट मी स्कॅन केली. तुमच्यापर्यंत, जावयांपर्यंत रंग थोडे परत आणता आले. मुलीच्या चेहऱ्यात काही उरलेलंच नव्हतं. कागद पांढरा असेल तर कॉम्प्युटरला तरी काय सापडणार? म्हणून जावयांचा फोन नंबर जुन्या पावतीपुस्तकातून काढून त्यांच्याकडून फोनवरचे फोटो मागवले. डोळे, कपाळ त्यातून घेतलं. तोंड मी अंदाजाने बसवलं.

मोठी प्रिंट काढून पाठवते आहे. कागद चांगल्यातला चांगला आहे.

फोटोवाली

११ फेब्रुवारी

ताई,

फोटो मिळाला. मेहनत दिसते. सोबत परत पाठवत आहे.

खारूने तो दोन्ही हातांत धरून बघितला आणि विचारलं, "ही आईची बहीण का?" आईला बहीण नव्हती. मी म्हटलं, "नाही गं, आईच." तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, उगाच काहीपण." आणि खेळायला गेली.

तुम्ही दात सरळ केला आहे. चूक तुमची नाही, तुम्हाला काय माहीत. पण घरात ठेवला तर दोन-चार वर्षांनी तिला हाच चेहरा आईचा म्हणून आठवेल. बाटलीवर लेबल एक आणि आत औषध दुसरं, अशातली गत होईल. त्यापेक्षा डाग बरा.

आता जास्त त्रास घेऊ नका. दोष माझा आहे. मी खिडकीला जाड पडदा शिवून लावला. खारू म्हणाली, "आता तर फोटोच नाही भिंतीवर, मग पडदा कशाला?" वरातीमागून घोडं, तसं झालं. दुपारी ऊन पडद्याच्या कडेने त्या भिंतीवर येतं, तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. जुनी प्रिंट तेवढी परत पाठवा.

५ मार्च

काका,

तुमच्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही. लिहिलं आणि फाडलं. आता एकदाच सगळं लिहिते.

दोष तुमचा नाही.

आमचा नेहमीचा कागद आणि शाई महाग पडत होती, वेळेवर येतही नव्हती. एका माणसाने दुसरा माल आणून दाखवला. प्रिंट काढून दोन्ही शेजारी ठेवल्या, मला फरक दिसेना. बाबांच्या हातात दिल्या, त्यांनाही कळेना. मी मनात म्हटलं, बाबांना कळत नाही म्हणजे कोणालाच कळणार नाही. त्यांच्या डोळ्यांना तेव्हाच कमी दिसायला लागलं होतं, हे मी मनाला आठवू दिलं नाही. अकरा महिने तो माल वापरला. त्रेपन्न कुटुंबं झाली. तुमचा नंबर त्यात येतो. बाबा प्रत्येक फ्रेमच्या मागे शंभर वर्षांची चिठ्ठी स्वतःच्या हाताने चिकटवायचे. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

चांगल्या कागदावरची प्रिंट तुमच्या खिडकीसमोरही पाच वर्षांत थोडी फिकी झाली असती, पण चेहरा गेला नसता. आणि या मालाची प्रिंट आतल्या खोलीतही फार वर्षं राहिली नसती.

याहून वाईट पुढे आहे. दोन वर्षांनी दुकानातच नमुना म्हणून लावलेली एक प्रिंट पिवळी पडली. मला तेव्हाच कळलं. तो माल तोपर्यंत संपलेला होता. मी नमुना काढून टाकला आणि गप्प बसले. तेव्हा सगळ्यांच्या फाइल्स माझ्याकडे होत्या. एकेकाला बोलावून नवीन प्रिंट देता आली असती. पण कारण सांगावं लागलं असतं. वर्षभराने तीन वर्षं भरली आणि मी त्या नेहमीप्रमाणे पुसल्या. म्हणजे तुमची मुलगी गेल्यानंतर पुरं दीड वर्ष तिचा चेहरा माझ्या दुकानात होता.

तुम्ही स्वतःला दोष देताय, आणि मी पहिल्याच पत्रात तुम्हाला ऊन दाखवून मोकळी झाले. ऊन खरं होतं, म्हणून ते खोटं इतकं सोपं गेलं.

एक गोष्ट सापडली आहे. मोठी प्रिंट काढण्याआधी आम्ही फोटोतला एक पट्टा छापून रंग तपासतो. त्याला टेस्ट पट्टी म्हणतात. गिऱ्हाईक ती बघून हो म्हणतं, मग मोठी प्रिंट. त्या अकरा महिन्यांतही पट्टी मी जुन्या, चांगल्या कागदावर काढायची आणि प्रिंट दुसऱ्यावर. नमुना खरा, माल खोटा. पट्ट्या ऑर्डरच्या वहीत टाचून ठेवायची बाबांची सवय आहे. ३१८ची पट्टी वहीत होती, इतकी वर्षं अंधारात. रंग काल काढल्यासारखे आहेत. तुमच्या मुलीने ती बघून म्हटलेलं मला आठवतं, "बाळाचे गाल अगदी असेच आहेत."

पण काका, पट्टी तीनच बोटं रुंद असते. बाबांनी शिकवलंय, पट्टी नेहमी घरातल्या सगळ्यात लहानाच्या चेहऱ्यावरून घ्यायची. लहानाची कांती सांभाळली की बाकीचे आपोआप सांभाळले जातात. त्यामुळे पट्टीत तुमच्या नातीचा चेहरा आहे आणि तिला धरलेला आईचा हात आहे. वरच्या कोपऱ्यात आईची हनुवटी आहे. ओठांच्या खाली कडा आली आहे.

पट्टी पाठवते आहे. तुमची जुनी प्रिंटही सोबत आहे. जे काही म्हणायचं असेल ते म्हणा.

फोटोवाली

१३ मार्च

ताई,

तुमचं पत्र मी 'पुरं दीड वर्ष' या शब्दांपर्यंत वाचलं आणि घडी घालून ठेवलं. पुढचं दोन दिवसांनी वाचलं. त्यामुळे पट्टीही पाकिटात दोन दिवस तशीच राहिली.

रागाचं मी लिहीत नाही. लिहायला बसलो तर थांबता येणार नाही.

आमच्या धंद्यातलं एक सांगतो. औषधाची एखादी बॅच खराब निघाली की कंपनीचं पत्र यायचं. मग विकलेला माल परत मागवायचा. वही उघडायची, ज्यांना ज्यांना दिलंय त्यांच्या दारात जायचं आणि सांगायचं, ते घेऊ नका. लोक शिव्या द्यायचे. एकदा एका बाईने बाटली माझ्या अंगावर रिकामी केली. पण घेणं थांबवलं. माझ्या एका शेजारच्या दुकानदाराने एकदा असं पत्र खणात टाकून दिलं होतं. त्याच्याकडे मी पुन्हा कधी गेलो नाही.

तुमच्याकडे वही आहे. माझा सोडून बावन्न नंबर आहेत. काहींनी फोटो खिडकीपाशी लावले असतील, ते गेले. पण काहींचे कपाटात असतील, ते अजून शाबूत असतील. त्यांची आज नक्कल काढता येईल. आणखी वर्षाने येणार नाही. त्यांच्यातही कोणी गेलं असेल. तुम्हाला माहीत नाही, जसं माझं माहीत नव्हतं.

दुकान बसेल म्हणाल. बसेल कदाचित.

मला दुसरं काही नको.

३० मार्च

काका,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते म्हणाले, "चिठ्ठ्या मी चिकटवल्या. थुंकी लावून लावून चिकटवल्या. शंभर वर्षं, शंभर वर्षं." आणि खुर्चीवरून उठून आत गेले. दोन दिवस दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन बसले आणि म्हणाले, "पत्रं हाताने लिही. छापलेलं लोक जाहिरात समजून टाकून देतात."

बावन्न लिहिली. सहा परत आली, त्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही. आतापर्यंत अकरा जणांनी दखल घेतली. एकजण फ्रेम घेऊन आला, काउंटरवर पालथी ठेवली आणि निघून गेला. एक बाई म्हणाल्या, "आम्ही सात वर्षं भिंतीच्या ओलीला नावं ठेवत होतो हो." चौघांचे फोटो कपाटात होते, त्यांच्या चांगल्या नकला काढल्या. त्यातल्या एका फोटोत आजी आहेत, त्या मागच्या वर्षी गेल्या. मुलगा नक्कल हातात घेऊन उभाच राहिला. मला धन्यवाद म्हणाला. ते ऐकवलं नाही.

रस्त्यावरून जाणारे आता आत डोकावून विचारतात, "काय, झाली का शंभर वर्षं?" बाबा उत्तर देतात, "सात झाली, बाकीची भरून देतोय." मला वाटतं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलंय. फ्रेममागची चिठ्ठी आम्ही बंद केली. आता कागद कुठला, शाई कुठली, तेवढंच लिहितो, आणि फाइल गिऱ्हाइकाला देऊन टाकतो.

पट्टी खारूला दाखवलीत का? आणि विचारू नये, पण विचारते. तुम्ही मला माफ केलं का?

फोटोवाली

६ एप्रिल

ताई,

खारू २८ तारखेला गेली. घरात आता सगळीकडे खोडरबरांचे तुकडे सापडतात.

पट्टी मी तिला आदल्या दिवशी दाखवली. आधी तिने स्वतःला ओळखलं नाही. मग विचारलं, "हा हात कोणाचा?" मी सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं घट्ट का धरलंय? बोटं बघ कशी रुतलीत." मी तुमची थाप सांगितली, बाळ घसरतंय म्हणून. तिला फार मजा वाटली. तीन वेळा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी विचारलं, "आणि मग आई हसली?" "हसली." "हात नव्हता तोंडावर?" मी म्हटलं, "दोन्ही हातांनी तुला धरलं होतं. तोंडावर धरायला हात कुठून आणणार?"

तिने पट्टी उलटी करून मागे बघितलं, वरचं उरलेलं मागे आहे का म्हणून. नव्हतं. फोनमध्ये आईचे डोळे आहेत, पट्टीत हनुवटी आहे. मधलं कुठेच नाही. तिचा पुढचा नवा दात आता अर्धा आलाय. वाकडा येतोय. जावई म्हणाला, तिकडे गेल्यावर तार बसवून घेऊ. तो तिचा बाप आहे.

पट्टी मी एक्स-रेच्या काळ्या पाकिटात घालून तिला दिली. वर लेबल लावलं आणि दुकानातल्यासारखं ठळक अक्षरात लिहिलं, 'उजेडापासून दूर ठेवावे.' गाडीत बसल्यावर तिने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "मग बघायचं कधी?" गाडी निघाली.

जुनी प्रिंट माझ्याकडे आहे. भिंतीवर तिच्या जागी चौकोन उमटलाय. बाकीच्या भिंतीचा रंग उडाला आणि फोटोच्या मागचा तेवढा नव्यासारखा राहिला आहे. तिथे मी काही लावणार नाही.

तुम्ही माफीचं विचारलंत. मला ते जमलेलं नाही. प्रयत्न केला. जमलं तर कळवीन, नाही जमलं तर कळवणार नाही.

एक काम मात्र आहे. खारू पुढच्या सुट्टीत येणार आहे. तिचा आणि माझा एक फोटो काढायचा आहे. तो तुमच्याकडेच काढणार. दुसऱ्याने कुठला कागद वापरला ते मला कळणार नाही, तुमचं कळेल. तिचा दात तोपर्यंत तसाच असला तर तिला हात खाली घ्यायला लावा. थाप मारलीत तरी चालेल.

टेस्ट पट्टी या वेळी लहानाच्या चेहऱ्यावरून घेऊ नका, म्हाताऱ्याच्या घ्या. आधी जायचा नंबर त्याचा असतो. निदान तसा नियम आहे.

खारूचा आजोबा